पीएच.डी.नंतरचा संशोधक आणि मराठी विभागांची जबाबदारी

मराठी विषयात पीएच.डी. संपादन केलेल्या संशोधकांना महाविद्यालयांत वा विद्यापीठांत अध्यापकाची जागा मिळत नाही, ही तक्रार आता इतकी सरावाची झाली आहे की तिचा विचार करणे आपण जवळजवळ सोडून दिले आहे. चर्चासत्राच्या मधल्या सुटीत तो विषय निघतो, शासनाला आणि संस्थाचालकांना दोन शब्द ऐकविले जातात आणि दुपारचे सत्र सुरू होते. प्रश्न केवळ उपजीविकेचा असता तर संशोधनपत्रिकेत त्याची चर्चा कदाचित अस्थानी ठरली असती. ती येथे करावीशी वाटते याचे कारण असे की, या परिस्थितीने मराठीतील संशोधनाचे स्वरूपच पालटले आहे. आणि ही परिस्थिती टिकून राहण्यात मार्गदर्शक, परीक्षक व निवड समित्यांवरील विषयतज्ज्ञ यांचा वाटा आपण मानतो त्याहून पुष्कळ मोठा आहे.

प्रथम नियमांचा प्रवास पाहू. पीएच.डी.चे नोकरीच्या दृष्टीने असलेले मोल गेल्या साडेतीन दशकांत परिपत्रकांनी ठरविले आहे. १९९१ च्या सप्टेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने अधिव्याख्यातापदासाठी पात्रता परीक्षा बंधनकारक केली. त्या परीक्षेवाचून १९९१ ते २००० या काळात महाराष्ट्रात नेमल्या गेलेल्या अध्यापकांचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला आणि २०१३ साली परीक्षांच्या कामावरील बहिष्कारापर्यंत गेला, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. २००९ च्या विनियमांनुसार पीएच.डी. झालेल्यांना नेट-सेटमधून सूट मिळाली. साहजिकच नोंदणीसाठी रांगा लागल्या. २०१८ च्या विनियमांनी विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य ठरविली. ती तारीख पुढे १ जुलै २०२३ वर ढकलण्यात आली. आणि तो दिवस उजाडता उजाडता नेट, सेट वा स्लेट हीच किमान अर्हता राहील, पीएच.डी. ऐच्छिक असेल, असे जाहीर झाले. एम.फिल.चे तर २०२२ च्या विनियमांनी विसर्जनच केले. अनिवार्यतेच्या भरवशावर २०१८ मध्ये नोंदणी केलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध बांधून होईतो त्याच्या पायाखालची जमीन अशी दोनदा सरकली.

निबंधप्रसिद्धीच्या अटीचेही तेच झाले. प्रबंध सादर करण्यापूर्वी संदर्भित नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध व्हावा आणि परिषदांतून दोन निबंध वाचले जावेत, हे २०१६ चे बंधन २०२२ मध्ये काढण्यात आले. दरम्यानच्या काळात पैसे भरून निबंध छापून देणारी किती तरी नियतकालिके उगवली. त्यांना आळा घालण्यासाठी आयोगाची मान्यताप्राप्त यादी आली, मग 'केअर' यादी आली आणि २०२५ च्या आरंभी तीही बंद झाली. चांगली नियतकालिके या याद्यांच्या आधीही होती आणि नंतरही आहेत. मात्र त्या मधल्या वर्षांत शिकलेल्या पिढीला निबंध म्हणजे दाखल्यासोबत जोडावयाचा कागद, अशीच ओळख झाली, त्याचे काय करावयाचे?

या सर्वांचा परिणाम प्रबंधाच्या विषयावर कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. नोंदणी समितीपुढे येणाऱ्या रूपरेषा चाळाव्यात. 'अमुक यांच्या कादंबऱ्यांचा चिकित्सक अभ्यास', 'तमुक यांच्या समग्र साहित्यातील समाजदर्शन'. प्रकरणे ठरलेली: लेखकाचे चरित्र, वाङ्मयप्रकाराची तात्त्विक मांडणी, आशयसूत्रे, भाषाशैली, समारोप. लेखक हयात असला तर परिशिष्टात त्याची मुलाखत. विद्यार्थी मंद असतात म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. पीएच.डी.साठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत असते. त्यातले पहिले सहामाही सत्र अभ्यासक्रमात जाते. आणि मधल्या काळात केव्हाही जाहिरात निघेल, तेव्हा पदवी हाती असली पाहिजे ही धास्ती मनात सतत असते. अशा उमेदवाराने पेशवे दफ्तरातील अथवा तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांचा विषय घ्यावा, ही अपेक्षा कशी धरावी? मोडी वाचावयास शिकण्यातच त्याचे वर्ष जाईल. महानुभाव पोथ्यांच्या पाठचिकित्सेसाठी सांकेतिक लिप्या, संस्कृत आणि हस्तलिखितांच्या मालकांची मर्जी, एवढे सारे हवे. एखाद्या बोलीच्या अभ्यासासाठी दोन पावसाळे गावात काढावयास हवेत. सुरक्षित विषय घेणारा उमेदवार आळशी नसतो. तो व्यवहारी असतो. त्याला त्या व्यवहाराकडे लोटणारा मार्गदर्शकही पुष्कळदा व्यवहारीच असतो, कारण प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी ही मर्यादा असून रिकाम्या जागा भरल्या जाव्यात, ही संशोधन केंद्राची निकड असते.

वाङ्मयाच्या इतिहासात ज्यांच्या कामावर आपण उभे आहोत, त्यांचे मोठे काम बहुधा पदवीनंतरचे आहे. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांच्यामागे अनेक दशकांचा महानुभाव साहित्याचा व्यासंग होता. शं. गो. तुळपुळे यांचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३ चे. आणि अॅन फेल्डहाउस यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश १९९९ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर बाहेर आला. असे काम करण्यासाठी विद्वत्ता लागते, तसेच पुढच्या महिन्याच्या अन्नाची चिंता नसणेही लागते. पीएच.डी. ही संशोधनाची उमेदवारी होय. खरे काम त्यानंतर सुरू व्हावयाचे. आज आपण उमेदवारी पुरी करून घेतो आणि काम सुरू होण्याच्या जागी माणसाला सोडून देतो.

येथे एका विचित्र विसंगतीकडे लक्ष वेधावयाचे आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्राची ४२,००० रुपये झाली. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे पूर्वी या वाटेला येऊ न शकणारी, घरातील पहिल्या पिढीची मुले-मुली मराठीच्या संशोधनात आली, ही गेल्या काही वर्षांतील अत्यंत मोलाची घटना आहे. परंतु प्रबंध सादर झाला की अधिछात्रवृत्ती थांबते. त्यानंतर त्याच व्यक्तीला तासिका तत्त्वावर काम मिळाले, तर तिचे उत्पन्न बहुधा निम्म्यावर येते, आणि उन्हाळ्यात ते शून्य होते. पदवी मिळणे म्हणजे मिळकत घटणे, अशी ही व्यवस्था आहे. प्रबंध 'लांबवितात' म्हणून अधिछात्रांवर ताशेरे ओढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

तासिका तत्त्वाविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसाव्यात आणि अशा अध्यापकाचे मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी नसावे, असे स्पष्ट म्हटले आहे. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये आहे. व्यवस्थेने यातून सोपी पळवाट काढली: माणूस नेमावयाचाच नाही, तास नेमावयाचे. २०१९ च्या जानेवारीत आयोगाने अतिथी अध्यापकांसाठी प्रतितास १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये हा दर सांगितला. आपल्या राज्याने त्याच्या काही महिने आधी ठरविलेला तासिकेचा दर त्याच्या जवळपासही नव्हता. पुढे त्यात वाढ झाली, पण रचना तीच राहिली. ज्या दिवशी महाविद्यालयाला सुटी, त्या दिवशी वेतन नाही. परीक्षा, स्नेहसंमेलन, निवडणुकीचे काम यांत बुडालेला तास बुडालाच. देयके महिनोन्महिने कोषागारात अडकतात, ती गोष्ट वेगळीच. मराठीच्या अध्यापकाची एका गावी पुरेशी सोय लागत नसल्याने सकाळी एका तालुक्याला आणि दुपारी दुसऱ्या तालुक्याला अशी एस.टी.ची फेरी चालू राहते. प्रवेशपुस्तिकेत त्याच्या नावामागे 'प्रा. डॉ.' असते, मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीपुढे त्याला उभे केले जाते, आणि नव्या वर्षाच्या जूनमध्ये त्याने पुन्हा अर्ज करून मुलाखतीला यावे, अशी अपेक्षा असते. संशोधन मार्गदर्शक म्हणून त्याला मान्यता मिळू शकत नाही, कारण तो पूर्णवेळ नियमित अध्यापक नाही. दहा-बारा वर्षे असे काढलेल्या माणसाने नवे काही लिहिले नाही, असे आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्यात थोडी निर्दयता असते.

रिक्त पदांचा इतिहास सर्वांना ठाऊकच आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. २०१७ मध्ये पदभरतीवर निर्बंध आले. २०१८ च्या नोव्हेंबरात ३,५८० सहायक प्राध्यापकपदांना मान्यता मिळाली. ती भरण्याचे काम अर्ध्यावर असताना २०२० च्या मे महिन्यात साथीमुळे सगळेच थांबले. आणि २०२१ च्या अखेरीस २,०८८ पदांचा मार्ग मोकळा झाला. ही संख्या सर्व विषयांची आहे. मराठीच्या वाट्याला त्यातले किती, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यभारावर अवलंबून असते, आणि कार्यभार ठरतो अभ्यासक्रमात भाषेला किती तासिका उरल्या यावर. विषयाला एकच पद, ते बिंदुनामावलीत कोणत्या बिंदूवर बसते याचा वाद, आणि तो मिटेतो निवृत्त अध्यापकाच्या जागी तासिका तत्त्व, हे चित्र जिल्ह्याजिल्ह्यात दिसते. महाराष्ट्राबाहेर उस्मानिया, बडोदा, बनारस येथील मराठी विभागांत तर अध्यापकांची संख्याच मुळात थोडी. तेथे एक पद रिकामे राहिले तरी विभागाच्या अस्तित्वाचा प्रश्न उभा राहू शकतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु ज्या प्राचीन ग्रंथांच्या बळावर हा दर्जा मिळाला, ते शिकवू शकणाऱ्या अध्यापकांच्या जागा किती भरल्या, हा प्रश्न त्या सोहळ्यांत फारसा कोणी विचारला नाही.

आता निवडीकडे वळू. महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकासाठी आयोगाने दिलेला गुणतक्ता बारकाईने वाचण्याजोगा आहे. त्यात पीएच.डी.ला २५ गुण आहेत, संशोधन निबंधांना मिळून कमाल ६ आणि अध्यापनाच्या अनुभवाला कमाल १०. पंचवीस गुण प्रबंध असल्याचे आहेत. तो कसा आहे, यासाठी एकही गुण नाही. अपूर्व साधनसामग्री उजेडात आणणारा प्रबंध आणि तीन जुन्या प्रबंधांतून जुळवून केलेला प्रबंध यांना हा तक्ता एकाच तराजूत तोलतो. तक्त्याला दुसरे काही करताही येणार नाही. तो केवळ मुलाखतीस कोणाला बोलवावे यापुरताच आहे. अंतिम निवड मुलाखतीतील कामगिरीवर व्हावयाची, असे त्याच विनियमात नमूद आहे. म्हणजे प्रबंधाचा कस पाहण्याची एकमेव जागा मुलाखत हीच उरते.

आणि मुलाखतीत काय होते? उमेदवार बांधीव प्रबंध काखेत घेऊन येतो. तो टेबलावर ठेवला जातो. एखादे सदस्य पाने उलटतात आणि मुखपृष्ठ छान असल्याचे सांगतात. मग मराठीतील पहिली कादंबरी कोणती, दलित साहित्याची दोन वैशिष्ट्ये सांगा, असे एम.ए.च्या पहिल्या वर्षाला शोभणारे प्रश्न विचारले जातात. सात-आठ मिनिटांत पाच वर्षांचे काम आटोपते. 

अनुदानित संस्थांतील नेमणुकांमागच्या 'देणगी'विषयी बोलल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही. तिचे आकडे प्रत्येक उमेदवाराला ठाऊक असतात आणि कोणत्याच कागदावर नसतात. शेत विकून पद मिळविल्याच्या आणि शेत विकूनही न मिळाल्याच्या कहाण्या आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. याचे सारे खापर संस्थाचालकांवर फोडणे सोपे आहे, आणि तो दोष त्यांचा आहेही. परंतु निवड समितीत संस्थेचा अध्यक्ष एकटा बसत नाही. तेथे कुलगुरूंचे प्रतिनिधी असतात. विद्यापीठाने सुचविलेल्या नामिकेतून घेतलेले विषयतज्ज्ञ असतात आणि त्यांच्यावाचून गणसंख्या पुरी होत नाही. हे विषयतज्ज्ञ म्हणजे मराठीचेच प्राध्यापक, कोणाचे तरी मार्गदर्शक, या पत्रिकेचे वाचक. आधीच ठरलेल्या नावापुढे त्यांची सही होते तेव्हा ती नाइलाजाने होते, असे सांगितले जाते. नाइलाज असेल, पण भिन्नमतपत्रिका जोडण्याचा इलाज तर कोणी काढून घेतलेला नाही. मुलाखतीच्या आठवडाभर आधी उमेदवारांच्या प्रबंधातील एखादे प्रकरण मागवून वाचावे आणि प्रश्न त्यावरच विचारावेत, एवढे जरी विषयतज्ज्ञांनी धरले तरी दोन गोष्टी घडतील. अपात्र उमेदवाराची निवड करणे अवघड होईल. आणि उत्तम प्रबंध लिहिणाऱ्याला, जागा मिळो न मिळो, आपले काम कोणीतरी वाचले एवढे तरी समाधान लाभेल. त्यासाठी शासननिर्णयाची गरज नाही.

या प्रश्नावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, पीएच.डी. ज्ञानासाठी करावयाची असते, नोकरीसाठी नव्हे. हे उत्तर बहुधा नोकरीत असलेल्या माणसाकडून येते. दुसऱ्या उत्तरात राजवाड्यांचे आणि रा. चिं. ढेऱ्यांचे नाव असते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढली ती कोणत्या वेतनश्रेणीत, असा प्रश्न केला जातो. ढेरे विद्यापीठीय आसनाच्या आधाराविना एवढे ग्रंथ लिहून गेले, 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'सारखे, मग आजच्या तरुणांनी रडगाणे का गावे, असे सुचविले जाते. या दोघांविषयी मला पराकाष्ठेचा आदर आहे. म्हणूनच त्यांचा असा वापर खटकतो. अपवादात्मक माणसांच्या हालअपेष्टांना धोरण मानता येत नाही. शिवाय राजवाड्यांच्या वा ढेऱ्यांच्या काळी आपण प्रवेशपरीक्षा घेऊन, शुल्क आकारून, जागा जाहीर करून संशोधक 'तयार' करीत नव्हतो. आज करतो. जो विभाग दरवर्षी जागांची जाहिरात देतो, त्याच्यावर त्या जागांवर आलेल्यांच्या भवितव्याची काही एक जबाबदारी येते.

ती जबाबदारी प्रवेशापासूनच सुरू व्हावी. प्रत्येक संशोधन केंद्राने गेल्या दहा वर्षांत आपल्याकडून पीएच.डी. झालेले विद्यार्थी आज काय करीत आहेत, याची साधी यादी, नावे न देता का होईना, प्रवेशाच्या माहितीसोबत प्रसिद्ध करावी: इतके नियमित अध्यापक, इतके तासिका तत्त्वावर, इतके शाळेत, इतके स्पर्धापरीक्षांच्या वर्गात शिकविणारे, इतके शेती वा दुकान सांभाळणारे. यादी अप्रिय असेल. पण एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीने आयुष्याची सहा वर्षे कोणत्या हिशेबावर टाकावीत, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे, आणि त्यासाठी लागणारी माहिती आपल्याच कपाटात आहे.

अध्यापन हा संशोधकाचा एकमेव व्यवसाय मानण्याची आपली सवयही तपासावयास हवी. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३० च्या दशकात सात विभागांत निघाला; नव्वद वर्षांनंतरही त्याच्या तोडीचा, नव्या सामग्रीवर आधारलेला कोश आपल्याजवळ नाही. वाईच्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या काळात तेथे पूर्णवेळ संपादकवर्ग होता आणि त्या कचेरीने महाराष्ट्राला अनेक अभ्यासक दिले. आजची ज्ञानमंडळे स्तुत्य आहेत, परंतु नोंदीमागे मिळणाऱ्या मानधनावर कोणी घर चालवू शकत नाही. भाषा संचालनालय, राज्य मराठी विकास संस्था, पुराभिलेख संचालनालय, साहित्य संस्कृती मंडळ, रिद्धपूरचे नवे मराठी भाषा विद्यापीठ या सर्वांत कोशकार, पाठसंपादक, मोडीवाचक, बोलीसर्वेक्षक, अनुवादक यांची नियमित पदे असावयास हवीत. अभिजात दर्जाचा काही प्रत्यक्ष उपयोग व्हावयाचा असेल तर तो येथे. मात्र अशी पदे उद्या निर्माण झाली, तर आपल्या विभागांतून बाहेर पडलेले किती जण ती सांभाळू शकतील, हेही स्वतःशी पडताळून पाहिले पाहिजे. कादंबरीतील समाजदर्शनावर प्रबंध लिहिणाऱ्याला नोंद कशी लिहावी, पाठभेद कसे टिपावेत, संहिता मुद्रणासाठी कशी सिद्ध करावी, हे आपण शिकविलेलेच नसते. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमातील सत्रात संशोधनपद्धतीच्या व्याख्या घोकून घेण्याऐवजी यातले एक कौशल्य हाताखालून गेले, तर त्याचा उपयोग प्रबंधालाही होईल.

पदे निर्माण करणे शासनाच्या हाती आहे आणि त्याला वेळ लागेल. विभागाच्या हाती असलेली एक गोष्ट मात्र अगदी लहान आहे. मौखिक परीक्षा झाली की संशोधकाचे ग्रंथालयातील खाते बंद होते. 'ना हरकत' घेतल्याशिवाय पदवी मिळत नाही आणि 'ना हरकत' घेतली की पुस्तके मिळत नाहीत. ज्या दिवशी माणूस स्वतंत्रपणे संशोधन करावयास लायक ठरला, त्याच दिवशी त्याला दुर्मीळ नियतकालिकांच्या दालनाबाहेर काढले जाते. नियमित पद मिळेतो, किंवा पदवीनंतर निदान पाच वर्षे, अशा व्यक्तीला संलग्न संशोधक म्हणून विभागाचे नाव लावण्याची अनुमती द्यावी, ग्रंथालयाचे कार्ड चालू ठेवावे, विभागीय चर्चासत्रांचे निमंत्रण शुल्काविना पाठवावे. विभागप्रमुखांनी ग्रंथपालांना पाठवावयाच्या एका पत्राने यातला बराच भाग साधतो. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, गेल्या पाच वर्षांत पदवी मिळालेल्यांची नावे काढून ते पत्र लिहिता येईल.